आईनं गिरवलेली सही

२१ नोव्हेंबर, बोळिंज

आज आईवर ओरडले. आता स्वतःचाच राग येतोय.

आईला गाणं शिकवणाऱ्या गुरुजींचा, त्या मोठ्या संगीतकारांचा, सही केलेला जुना फोटो आमच्या भिंतीवर आहे. तो प्रदर्शनासाठी न्यायला संगीत मंडळाचे सर आले होते. त्यांनी काच काढली, चष्मा वर करून सही पाहिली आणि फोटो माझ्यासमोर धरला. मूळची काळी शाई जवळजवळ उडालीय. वरून निळं बॉलपेन!

"पुसट होत चालली होती, म्हणून दर गुरुपौर्णिमेला गिरवते मी," आई म्हणाली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

"अगं, सही कुणी गिरवतं का?" मी ओरडले.

"मग? त्यांची चाल नाही का मी रोज गिरवत?"

निळं बॉलपेन. माझ्याच पर्समधलं असणार.

हा फोटो आता लावता येणार नाही, असं सर म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "कुठली चाल?"

आई उभ्याउभ्याच गायली. लग्नानंतर ती परक्या माणसासमोर कधी गायलीच नव्हती. सर चपला हातात धरून ऐकत राहिले.

"गुरुजी गेल्यावर ही चाल कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती," ते म्हणाले. "फोटो राहू दे. उद्घाटनाला तुम्ही गा."

निळी सही पुन्हा भिंतीवर आहे. आई आत तंबोरा लावतेय. "ये गं, मागे साथीला बसायला कुणीतरी हवं," म्हणतेय.

चला, गिरवायला बसते.