ओवीसाठी बिनदह्याची कोशिंबीर

१३ ऑक्टो., सोम.

काल नितीन, मुक्ता आणि ओवी लोणावळ्याहून येऊन गेले. जाताना सूनबाईंनी माझ्या फ्रिजवर यादी चिकटवली. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, दुधाची पावडर: काही म्हणजे काही नाही. खाली लाल अक्षरात 'चमचाभरसुद्धा नाही'. मला! कोर्टात छत्तीस वर्षं लोकांचे कागद तपासण्यात गेली माझी.

ओवीला दूध बाधतं, तान्ही असल्यापासून, मान्य. पण पाच वर्षांच्या पोरीला वरणभातावर तुपाचा थेंब नाही? आमच्या वेळी कुणाला असलं काही बाधत नव्हतं. (बाधत असेलही. सांगायची सोय नव्हती.)

हे सगळं का, तर १ नोव्हेंबरपासून आठ दिवस ओवी माझ्याकडे राहणार. तिला सांभाळणाऱ्या आजीचं, म्हणजे मुक्ताच्या आईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि नि.-मु. दोघांना रजा नाही. पण सूनबाईंची अट: २६ ला जेवायला येणार, मी पोरीला काय करून घालतो ते बघणार, मग ठरवणार. परीक्षा घेतेय माझी! बँकेत काउंटरवर बसून ही सवय लागली असणार.

देईन परीक्षा. पाच वर्षांत पोरगी एक रात्र माझ्याकडे राहिलेली नाही.

१५ ऑक्टो., बुध.

ओवी कच्च्या भाज्या नुसत्या खात नाही, त्यावर 'ड्रेसिंग' लागतं. म्हणजे कोशिंबिरीत आपण दही घालतो, त्या जागी दुसरं काहीतरी. मु.ने व्हिडिओ पाठवलाय. त्यात एक बाई पाच मिनिटं नुसती हसते, मग सांगते की काजू भिजवा. ऑलिव्ह तेल, सफरचंदाचं व्हिनेगर आणि कसलंसं पिवळं यीस्ट. 'सिंपल अँड हेल्दी.' डोंबलाचं सिंपल!

वडगावात किराणावाल्याकडे यीस्ट मागितलं. तो म्हणाला, "काका, ते लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांचं खाणं. तुम्ही कधीपासून?" चारचौघांत शोभा झाली. शेंगदाणे, तीळ, लिंबं घेऊन परत.

१७ ऑक्टो., शुक्र.

पहिला प्रयत्न. दाणे भाजून, सालं काढून, तासभर भिजवून मिक्सरला लावले. लिंबू, मीठ, गुळाचा खडा, पेरभर आलं. लांबी झाली. खिडकीच्या काचा बसवायला वापरावी अशी. काकडीवर घातली तर तिथेच बसून राहिली.

पाणी वाढवलं. मग काकडीनेही आपलं पाणी सोडलं, आणि ताटलीत नुसतं तळं.

सखूमावशी भांडी घासायला आल्या, त्यांना चाखायला दिलं. आंदर मावळातल्या, तोंडाच्या फटकळ. "भाऊ, दही घाला की वाईच. एवढा कुटाना कशापायी?"

ओवीला चालत नाही, सांगितलं.

"मंग तूप घाला. तूप म्हंजी काय दूध व्हय?"

परवापर्यंत मीही हेच म्हणत होतो. तरी मावशींना अडाणी म्हणून मोकळा झालो, मनात.

१९ ऑक्टो., रवि.

जमलं! मिक्सरचं काम फक्त दाणे-तीळ बारीक करण्यापुरतं. जास्त फिरवलं की तेल सुटतं. मग पातेल्यात काढायचं, थोडं थोडं पाणी आणि लिंबू घालत रवीने घुसळायचं, ताक करतो तसं. पांढरं, हलकं, वर फेस. डोळे मिटून खाल्लं तर दहीच.

काकडी किसायची नाही, सुरीने बारीक चोचवायची. मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायची, पिळून घ्यायची. गाजर किसून. फोडणी शेंगदाणा तेलाची, जिरं, मिरची नको. कालवायचं ते पान वाढल्यावर.

भिजवणं सोडलं तर एकूण वेळ पंचवीस मिनिटं, हसण्याशिवाय. त्या व्हिडिओवाल्या बाईला इथे आणून बसवली पाहिजे पाटावर.

दाणे, तीळ ओवी रोज खाते, फोनवर मु.ला विचारून घेतलं. "बाबा, करताय तरी काय?" म्हणाली. म्हटलं, २६ ला कळेल.

२६ ऑक्टो., रवि. (संध्या.)

लिहवत नाही.

साडेबाराला आले. कोशिंबीर तयार होती. ओवीने एक वाटी खाल्ली, मग दुसरी. "आबा, अजून." मी मु.कडे बघून घेतलं. तिने खाऊन बघितली आणि हसली. म्हणाली, "बाबा, माझ्यापेक्षा छान झालीय." त्या क्षणी मला काय वाटत होतं ते आता लिहायची लाज वाटते.

दहा-पंधरा मिनिटांत ओवी ओठ चोळायला लागली. ओठ सुजले, अंगावर गांधी, मग उलटी. मग श्वास वाजायला लागला. मु.ने अशा वेळेसाठी कायम जवळ असणारं इंजेक्शन पर्समधून काढून मांडीत दिलं. नि.ने गाडी काढली. मी मागे ओवीचे पाय धरून बसलो होतो. कशाला ते ठाऊक नाही.

तळेगावच्या हॉस्पिटलात चार तास. आता बरी आहे. रात्रभर लक्ष ठेवायला ठेवून घेतलीय.

२७ ऑक्टो., सोम.

ओवी घरी गेली.

सापडलं. येताना गाडीत ओवीने बिस्किटं खाल्ली होती. पुडीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात: दुधाचे अंश असू शकतात. नि. फोनवर म्हणाला, "मुक्ताने वाचलंच नाही, बाबा. एवढी शहाणी, आणि वाचलं नाही." मागे तिच्या रडण्याचा आवाज.

म्हणजे यादी माझ्या फ्रिजवर, आणि बाधणारं तिच्या पर्समध्ये! स्वतः केलेली यादी स्वतःला पाळता येत नाही, आणि परीक्षा घ्यायला निघाली होती माझी. नि.ला म्हटलं, जाऊ दे, रागावू नकोस तिला. मोठ्या मनाने. फोन ठेवल्यावर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ओवीचं राहणं अर्थात रद्द.

२९ ऑक्टो., बुध.

सखूमावशी भांडी घासताना थांबल्या. हातात रवी. नाकाशी धरलेली.

"भाऊ, पोरीचं ते पांढरं ह्यानंच घुसळलंत का?"

हो म्हटलं. धुऊन घेतली होती.

"धुतली तरी लाकूड हाय ते. रोज ताक पितंय. किती वर्सं झाली?"

सतरा-अठरा.

"मंग? हितं वास घ्या."

घेतला. म्हटलं, उगीच काहीतरी बोलू नका. त्यांनी रवी खिळ्याला अडकवली आणि कढई घासायला घेतली.

३० ऑक्टो., गुरु.

सकाळी पातेल्यात कडकडीत पाणी घेतलं, रवी बुडवून अर्धा तास ठेवली. पाणी गढूळ. वर बारीक तवंग. आंबूस वास.

चमचाभरसुद्धा नाही, असं लिहिलं होतं. मी एक वाटी घातली, वर दुसरी.

बिस्किटाने झालं असेल, असंही असू शकतं. 'अंश असू शकतात' म्हणजे असतीलच असं नाही. दोन्ही शक्य. संशयाचा फायदा...

शी! काय लिहितोय मी हे. गाडीत बिस्किटं खाऊन तास झाला होता, पोरगी खेळत होती. कोशिंबिरीनंतर दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी नोकरीला लागलेल्या पोरालाही कळेल.

२ नोव्हें., रवि.

नि.चा फोन. मु.च्या आईने ऑपरेशन पुढे ढकललंय, ओवीला सांभाळायला. लेकीला म्हणाल्या म्हणे, "तुझ्या भरवशावर पोर टाकून कशी जाऊ?" मु. आता घरातली प्रत्येक पुडी दोनदा वाचते, मग नि.ला वाचायला लावते. नीट जेवत नाही. "होईल ठीक," नि. म्हणाला, "चूक झाली की धडा मिळतोच."

सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, थंडी पडली का तिकडे?

छत्तीस वर्षं पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसांचं खोटं ऐकलं मी. शपथ घेऊन, आईची, लेकराची. घरी येऊन त्यांच्या नकला करायचो, सगळे हसायचे. त्यातल्या निम्म्यांनी निदान बोलायचे कष्ट घेतले होते. मी नुसता गप्प बसून काम भागवतोय.

५ नोव्हें., बुध.

लोणावळ्याला गेलो. एसटीत सगळं पाठ केलं, वाक्यावाक्याने. रवी पिशवीत.

ओवी धावत आली. "आबा, ती पांढरी कोशिंबीर आणलीस?" तिच्या आजी एकदम म्हणाल्या, "नको गं बाई, आता बाहेरचं काही नको." मी बाहेरचा. बरोबरच आहे.

मु. बँकेतून आली, डोळ्यांखाली काळं. मला चहा केला, कोरा. समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, सॉरी. तुम्ही एवढ्या हौसेने सगळं केलंत, आणि माझ्यामुळे तुमच्या घरी..."

आणि मी काय म्हणालो? "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

क्षमा केली मी तिला! तिच्या घरात बसून, तिचा चहा पिऊन. पिशवी पायाशी. स्टॉपकडे वळताना चिक्कीच्या दुकानात शिरलो, ओवीला म्हणून गुळाची चिक्की घेतली, परत जाऊन द्यायचा धीर झाला नाही, ती घेऊन घरी आलो. स्टॉपवर उभा राहून स्वतःच दोन तुकडे खाल्ले.

इतका हलका माणूस मी कोर्टातही पाहिला नाही.

६ नोव्हें., गुरु.

सकाळी नऊला फोन केला, ती बँकेत शिरायच्या आत. पाठ केलेलं एक वाक्य आठवलं नाही. म्हटलं, बिस्किटाने नाही झालं. माझ्या ताकाच्या रवीने झालं. मला आठ दिवस ठाऊक आहे.

फोनमध्ये रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या.

मग म्हणाली, "कालही ठाऊक होतं?"

हो.

"मी सॉरी म्हटलं तेव्हाही?"

हो.

"ठेवते." ठेवला.

९ नोव्हें., रवि.

नि. येऊन गेला. बसला नाही. "बाबा, रवीचं कुणालाच सुचलं नसतं, मलाही नाही. त्याचं काही नाही. पण मी तिला काय काय बोललो, तुम्हाला ठाऊक होतं ना?" होतं. दोनदा फोनवर ऐकलंही होतं.

टोचून बोलण्यात माझ्यावर गेलाय, हे मात्र त्याला नाही सांगितलं.

सखूमावशींनी विचारलं, "सांगितलंत?" म्हटलं, हो. "लय उशीर केलात," म्हणाल्या आणि केर काढायला लागल्या. अडाणी म्हणे!

१२ नोव्हें., बुध.

रवी बंबात घातली, जळण म्हणून. ताक बंद केलं असं नाही, सवय सुटत नाही. पण ताकाचं पातेलं, पळी, गाळणं आता अंगणातल्या कपाटात. स्वयंपाकघर दोनदा खरवडून काढलं. कुणी येणार आहे असं नाही.

१६ नोव्हें., रवि.

अकराला फाटक वाजलं. मु. एकटी. पाणीही घेतलं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

"करा," म्हणाली. "माझ्यासमोर."

केलं. दाणे भाजण्यापासून. ती ओट्याला टेकून बघत होती. मिक्सरचं भांडं कशासाठी वापरता? फक्त कोरडं वाटण. झाकणाची रबरी चकती काढून दाखवा. दाखवली. हा चमचा? स्टीलचा, नवा. तेल कुठलं, बाटली आधी कशाची होती? सगळी उत्तरं दिली, विचारलं तेवढीच. लिंबाची बी आत पडली, ती तिने चमच्याने काढली.

घुसळायला आता स्टीलची फिरकी आणलीय. फेस तसा येत नाही. तिला सांगितलं तसं. "नाही आला तरी चालेल," म्हणाली.

बोटावर घेऊन चाखलं. "मीठ कमी आहे." घातलं.

मग म्हणाली, "माझी आई अजून माझ्याकडे तसंच बघते, बाबा. तिला सांगितलं तरी. एकदा मनात बसलं की बसतं."

तूच मला रागाव म्हटलं, तर म्हणाली, "त्यानं काय होईल?"

पिशवीतून तिचा स्वतःचा काचेचा डबा काढला, त्यात ओतून घेतलं, झाकण दोनदा दाबून बघितलं. फाटकापर्यंत सोडायला गेलो. ओवीला देणार का, हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एकला निघाली.

आता पाच वाजलेत. लोणावळ्याला केव्हाच पोचली असेल. जेवणंही झाली असतील. फोन समोर ठेवून बसलोय. तो वाजावा की वाजू नये, हेच कळत नाहीये.