सुई लावायची नाही

रविवार, १८ ऑक्टोबर
दुपारी साडेतीन

ती. मामींस,

पहिल्याच ओळीला अडले आहे. साष्टांग नमस्कार लिहायला हात होईना, आणि काहीच न लिहिता सुरुवात केली तर तुम्ही म्हणणार, मुलीला वळण नाही. तेव्हा नमस्कार तुम्ही तुमच्या मनाने धरून घ्या. इकडे मी ठीक आहे. तुमची तब्येत दादाकडून कळली, म्हणून वेगळी विचारत नाही.

एकोणीस वर्षांनी आपण बोलतोय. मामा गेले तेव्हाही मी दारातूनच परत गेले होते, तुम्ही पाठमोऱ्या बसला होतात. आता निदान मी बोलेन आणि तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. पत्र हातात धरून वाचू नका, कागद थरथरेल. टेबलावर पसरा आणि वर चष्म्याचं घर ठेवा.

बुधवारी पार्सल मिळालं. सहा गाऊन, सहाही तुमच्या हातचे, कॉलर आत आणि बाह्या मागे अशी तुमचीच घडी. दादाचा फोन आदल्या दिवशी येऊन गेला होता. तो म्हणाला, आईची बोटं आखडली आहेत, बटण धरता येत नाही, सकाळी गाऊन घालायला पाऊण तास लागतो आणि कधी कधी त्यात ती रडते. शेवटचं त्याच्या तोंडून चुकून निघालं असावं, कारण पुढे तो भराभर बोलायला लागला. येत्या गुरुवारी, २२ तारखेला, वृद्धाश्रमाच्या बाई घरी येणार. तुम्हाला स्वतःचे कपडे स्वतः घालता आले तर स्वयंपाकाला एक बाई ठेवून तुम्ही घरातच राहायचं. नाही आले तर पुढच्या महिन्यापासून मुक्काम तिकडे. बटणांच्या जागी वेल्क्रो लावून देशील का, असं त्याने विचारलं. आमच्या कारखान्यात कंबरेचे, मानेचे, मनगटाचे पट्टे बनतात हे त्याला माहीत आहे.

मी हो म्हटलं. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "आईची एक अट आहे. सुई लावायची नाही. ती म्हणते, माझ्या कपड्यांत तिचा टाका नको."

वा, मामी. बटण धरवत नाही, पण नाक अजून वरच.

मी दादाला फक्त बरं म्हणाले. तुम्हाला काय माहीत, गेली बारा वर्षं मी नेमकं हेच करते. दुखऱ्या मानेला शिवण टोचते, म्हणून आमच्याकडे नाजूक पट्ट्यांना टाका घालत नाहीत, वेल्क्रो गोंदाने बसवतात. तुम्ही मला सुईपासून लांब ठेवलंत त्याचं सोनं झालं म्हणायचं. तुमच्या शिवणक्लासातल्या मुली मला 'उसवण' म्हणायच्या, आणि कारखान्यात नवीन आलेल्या बायकांना मोठ्या बाई माझ्या टेबलापाशी शिकायला बसवतात. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते.

आता तुमच्या कपड्यांचं काय काय केलं ते ऐका. सगळं सविस्तर सांगणार आहे.

आधी सहाही गाऊन गरम पाण्यात बुडवले. तुम्ही अजून खळ घालता. खळ असलेल्या कापडाला गोंद धरत नाही, तेव्हा तुमची सगळी खळ माझ्या मोरीतून वाहून गेली. गाऊन दोरीवर वाळत होते तेव्हा शेजारीण म्हणाली, किती सुरेख शिवलेत. मी म्हटलं, माझ्या मामीने शिवलेत. काय करणार, खरं होतं.

मग बटणं कापली. एका गाऊनला नऊ, एकूण चोपन्न. कात्री काही सुई नव्हे, त्यामुळे तुमच्या अटीत बसतं. एकेक बटण तुम्ही असं पक्कं लावलेलं की दोऱ्याचा गड्डा कापताना माझा अंगठा दुखायला लागला. तरी एकही सोडलं नाही.

वेल्क्रोच्या दोन बाजू असतात, एक मऊ केसाळ आणि एक आकड्यांची खरखरीत. मऊ बाजू नेहमी अंगाकडे यायला हवी, नाहीतर कातडी सोलवटते. म्हणून मऊ पट्टी वरच्या पदराला आतून, म्हणजे बरोबर तुमच्या काजांच्या पाठीवर. खरखरीत पट्टी खालच्या पदराला, जिथे बटणं होती तिथे. पट्टीचे कोपरे गोल कापले, टोकदार कोपरा आधी सुटतो. पाठीला गोंदाचा पातळ हात, अगदी कडेपर्यंत, पण बाहेर ओघळणार नाही इतकाच. वर स्वच्छ फडकं, फडक्यावर फळी, फळीवर वजन. चोवीस तास हात लावायचा नाही.

हा गोंद पुन्हा निघत नाही, मामी. पट्टी ओढून काढायला गेलात तर कापड फाटेल. तुमची ती काजं, जी बघायला लोक गाऊन उलटा करायचे, ती आता कायमची बुजली. चोपन्नच्या चोपन्न. पुढून ती दिसतात, त्यातून काही आरपार जात नाही एवढंच. आणि पट्टी काळी लावली आहे. आकाशी गाऊनलासुद्धा काळीच. कारखान्यात आकाशी पट्टी होती, माझ्या हाताशीच होती. प्रत्येक काजातून काळी रेघ दिसेल. मोकळी बटणं वरून चिकटवून ते झाकता येतं, आम्ही करतोही तसं, पण तुमची बटणं मी चिकटवली नाहीत.

गोंद वाळतोय. आज इथेच थांबते.

सोमवार
सकाळी, कामावर निघण्याआधी

काल एक गोष्ट लिहायची टाळली. पाकीट अजून उघडंच आहे, म्हणून लिहून टाकते.

वर सांगितलं ते मी दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा केलं ते वेगळं होतं. पाठीला कागद लावलेली एक तयार चिकट पट्टी मिळते. कागद सोला आणि दाबा, झालं काम. ती भिंतीसाठी असते, लाकडासाठी असते. कापडावर ती दोन दिवस शहाण्यासारखी बसते, मग अंगाची ऊब लागली की सुटते. आमच्याकडे नवीन बायकांना पहिल्या दिवशी सांगतात की ही पट्टी कपड्याला लावायची नाही. मी गेल्या गुरुवारी संध्याकाळी ती तुमच्या सहाही गाऊनना लावली. तासाभरात काम संपलं. त्या दिवशी मी जेवलेही नेहमीपेक्षा जास्त.

पट्टी केव्हा सुटते ते बघायला शनिवारी आकाशी गाऊन मी स्वतः घातला. तो घालूनच केर काढला, भांडी घासली, मग आरशासमोर जाऊन हात वर करून आणि वाकून बघितलं. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा छातीवरची पट्टी सुटली, पाठोपाठ खालच्या, आणि गाऊन पुढून सताड उघडा पडला. मला हेच हवं होतं. येत्या गुरुवारी, त्या बाईंच्या समोर, दादाच्या समोर. मी हसले, घरात एकटीच होते तरी मोठ्याने हसले. नंतर गाऊन उतरवला आणि पट्ट्या सोलायला बसले.

दया आली असं समजू नका. तुम्हाला लगेच तसं वाटेल, कारण लोकांना तुमची दया येते यावर तुमचा फार विश्वास. मी एवढाच विचार केला की पुढे काय होईल. तुम्ही आश्रमात जाल. रोज कोणी परकी बाई तुम्हाला कपडे घालेल, तुम्ही तिच्या हाताला नावं ठेवाल, महिन्याभरात ती तुम्हाला टरकायला लागेल आणि तुम्हाला पुन्हा एक उसवण मिळेल. मी मात्र त्या एका गुरुवारात संपून जाईन. एवढ्या वर्षांचं उट्टं एका गुरुवारात काढायचं असतं तर मागेच काढलं असतं.

घरात राहिलात तर सकाळी उठल्यावर, आंघोळीला जाताना, झोपताना ही पट्टी तुम्हाला उघडावी लागेल. चर्र आवाज होईल. वेल्क्रोचा आवाज दाबता येत नाही, आम्ही करून बघितलंय. तो आवाज तुम्हाला दिवसातून तीन वेळा ऐकवायचा म्हणून मी शनिवारी सगळ्या पट्ट्या सोलल्या, चिकटा स्पिरिटने पुसला, गाऊन पुन्हा धुतले आणि काल सकाळी पहिल्यापासून सगळं केलं. मी गोंदाचा डबा मागितला तेव्हा कारखान्यातल्या मोठ्या बाईंनी विचारलं होतं, सुट्टीच्या दिवशी एवढी मेहनत कुणासाठी? मी म्हटलं, वैऱ्यासाठी. त्या हसल्या. त्यांना वाटलं, गंमत करतेय.

तुम्ही विचाराल, मी तुझं असं काय घोडं मारलं होतं? तुम्हाला खरंच आठवत नसणार, तेच तर आहे.

आईचा जांभळा ड्रेस. सुती, दोन खिशांचा. आई गेल्यावर मी अकरा वर्षांची असताना तुमच्याकडे आले तेव्हा पिशवीत तेवढा एकच तिचा कपडा होता. मी तो उशीखाली ठेवायची. एका दुपारी क्लासातल्या मुलींना काजं शिकवायला कापड कमी पडलं. तुम्ही माझ्या खोलीत गेलात, ड्रेस आणलात, टेबलावर पसरलात आणि पाठीच्या शिवणीवर कात्री घातलीत. मामा दारात उभे होते. तुम्ही म्हणालात, कापड चांगलं आहे, उशीखाली कुजवायचं कशाला. सहा मुलींना सहा तुकडे दिलेत आणि सातवा मला. "तूही कर," म्हणालात.

मी केली, मामी. रडत केली असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. मी दात-ओठ खात केली, कारण मला त्या सहा जणींपेक्षा चांगलं काज करायचं होतं. पहिली दहा तुम्ही सगळ्यांना दाखवून उसवलीत. अकरावं उजेडाकडे धरलंत आणि म्हणालात, "हे एक जमलं."

आणि मला आनंद झाला. आईच्या ड्रेसचे तुकडे समोर पडले होते आणि तुम्ही शाबासकी दिलीत म्हणून मला आनंद झाला. त्या दिवशी संध्याकाळभर मी नाचत होते. दुसऱ्या दिवशी कळलं मी काय केलं ते, आणि त्यानंतर सुई हातात धरली की बोटं माझं ऐकेनात. तुम्ही म्हणालात, हिच्या हातात कला नाही. तुम्ही ड्रेस कापलात ते एखाद्या वेळी मी विसरलेही असते. पण त्या वेळच्या माझ्यातल्या पोरीला तुम्ही आनंदी केलंत, आणि ते मला तुम्हालाही माफ करता येत नाही आणि तिलाही.

उशीर होतोय, निघते.

मंगळवार, २० ऑक्टोबर
दुपार

पट्ट्या पक्क्या बसल्या. सकाळी एकेक ओढून बघितली, कापड ताणलं पण पट्टी हलली नाही. आज पार्सल टाकते, उद्या पोहोचेल. शुक्रवारपर्यंत गाऊन धुवायचे नाहीत. धुताना पट्ट्या बंद करून धुवायच्या, नाहीतर आकड्यांत दोरे अडकून दुसरे कपडे खराब होतील. इस्त्री आकड्यांवर फिरवायची नाही, ते वितळतात. तुम्ही सवयीने फिरवाल म्हणून आधीच सांगते. खळ घालायची असेल तर खुशाल घाला, आता काही बिघडत नाही.

सलग लांब पट्टी मी लावली नाही. लांब पट्टी उघडायला जोर लागतो. नऊ छोटे तुकडे आहेत, आणि प्रत्येक काजाच्या बाजूला, पदराच्या कडेला कापडी फितीची बोटभर जीभ चिकटवून मोकळी सोडली आहे. तिच्याखाली अंगठा सरकवायचा आणि वर उचलायचं. बोटं मिटावी लागत नाहीत. आम्ही हे सगळ्याच पेशंटना करतो, यात तुमचं विशेष काही नाही.

गुरुवारी आकाशी घाला. आधी गळ्याजवळचा तुकडा लावा, मग बाकीचे आपोआप समोरासमोर येतात. नुसता तळहात दाबला तरी पुरे. त्या बाई बघत असल्या तरी घाई करू नका. दोन मिनिटांत होईल. मी दोन्ही हातांत जाड लोकरी मोजे घालून आठ वेळा करून बघितलंय.

वर्ष-दीड वर्षात आकड्यांत केर अडकून पट्ट्या ढिल्या पडतील. तेव्हा कळवा. दादाला फोन करायला लावू नका. तुम्ही स्वतः लिहा, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. पत्रात काय मागायचंय ते तुमच्या शब्दांत मागा. मी लगेच करून देईन.

वडीलधाऱ्यांना आशीर्वाद देत नाहीत, हे वळण तुम्हीच मला लावलंत. तरी देते. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. शंभर वर्षं जगा, मामी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने कपडे घालून, आणि त्यातला एकही दिवस माझ्यावाचून न जावो.

तुमच्या नणंदेची मुलगी