सईचा गुडघा

मंगळवार, संध्याकाळ

सईचा बॅडमिंटनचा संघ आज मलेशियाला गेला. सईशिवाय. माझ्यामुळे.

महिनाभर रोज मी तिच्या गुडघ्याला तेल चोळत होते. "आज्जी, सरांना सांगायचं न्हाई हं," असं तिनं गळ्याची शपथ घालून बजावलं होतं. परवा तिचे बॅडमिंटनचे सर घरी आले. चहा पिता पिता सहज म्हणाले, "काय आज्जी, नात तयार हाय न्हवं? दुखतंय-बिखतंय काय न्हाय की?"

'नाही' म्हणता आलं असतं. लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टरसमोर खोटं बोलताना जीभ अडखळायची, तशी या वयातही अडखळली, आणि मग सगळंच सांगून टाकलं. की मला तिच्या पायाची खरंच काळजी वाटली होती? आता माझं मलाच कळत नाही.

तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. सकाळी सई त्या मुलीच्याच बॅगा विमानतळाच्या बसमध्ये चढवायला गेली, तो गुडघा घेऊन. परतल्यावर मी तेलाची वाटी घेऊन जवळ बसले, तर तिनं पाय ओढून घेतला. रडली नाही, ओरडली नाही.

"आज्जी, आता मला कुठं काय दुखलं ना, तर तुला सांगणार न्हाई."