बाबांनी आणलेले पाहुणे

बाळ्या,

सगळ्यात आधी घरात शिरली ती तुझी लेक, चपला हातात अन् पाय चिखलाने माखलेले, अगदी तुझ्यासारखीच. मागून तुझी बायको आणि शेवटी खांद्यावर वल्हं घेऊन तुझे बाबा. "अगं, चहा टाक, पाहुणे आणलेत!" नदी बघायला आलेल्यांना नावेतून हिंडवून चहाला घरी आणायची त्यांची खोड तुला ठाऊकच आहे.

फोटोत बघितलेली सून मी लगेच ओळखली. "ती पोर माझ्या घरात नको," म्हणून तुझं लग्न ठरलं तेव्हा बाबा गर्जले होते ना, तिचं तोंडही न बघता! ती लबाड सगळं जाणून त्यांच्याच नावेत बसलेली.

"अहो, सून आहे ती तुमची," मी म्हटलं.

त्यांनी पाठ फिरवली. ती उठली, "येतो आम्ही."

"बस खाली!" बाबा ओरडले. "चहा न घेता माझ्या घरातून कुणी जात नाही." मग नातीला हळूच म्हणाले, "तू दूध पितेस का गं?"

मी पदरात तोंड लपवून हसले बघ.

"तुमच्या लेकाला कळवू नका, मीच त्यांना घेऊन येते," असं सूनबाई म्हणाली, म्हणून हे पत्र टाकत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवेना.

तुझी आई

येत्या रविवारी येणार आहात तुम्ही तिघं.