सशाच्या तोंडचा घास

३ मार्च, सोमवार
आजपासून रात्रीच्या जेवणात भाज्यांचं सूप. कारण आरोग्य. दुसरं कुठलंही कारण नाही.
आमच्या कुलपांच्या कारखान्यात, माझ्या टेबलाशेजारी, ताडपत्रीत गुंडाळलेलं एक मोठं धूड आणून ठेवलंय. कुणी काही बोलत नाही. बहुधा पाण्याचा कूलर असावा. माझं काम किल्ल्या तपासण्याचं. कुलपात घालायची, फिरवायची, काढायची. हे माणसाच्या बोटांनाच जमतं. तेव्हा काळजीचं कारण नाही.
तरी काटकसर अंगी असावी.

४ मार्च, संध्याकाळ
पहिलं सूप. फ्लॉवरचे दांडे, कालची उरलेली बटाट्याची भाजी, एक सुरकुतलेला टोमॅटो. उकळलं, घुसळलं, गाळलं. रंग जुन्या भिंतीचा. लेकीने विचारलं, बाबा, यात काय आहे? म्हटलं, जीवनसत्त्वं. ती म्हणाली, मग मला ती काढून दे.
बायको निमूटपणे प्याली. आवडलेलं दिसतं.

६ मार्च
योजनेत एक किरकोळ दोष सापडला. उरलेल्याचं सूप करायचं तर आधी काही उरावं लागतं. उरावं म्हणून जास्त भाजी आणू या, हे बायकोला पटलं नाही.
पण डोकं चालवलं. कँटीनच्या मावशी गाजरांचे शेंडे आणि कोबीची वरची पानं फेकत होत्या. मागितली. कशाला हो भाऊ, म्हणाल्या. तोंडातून निघून गेलं, घरी ससा आहे.
हे खोटं नव्हे. सोय आहे.

१० मार्च
ससा खात्यात फारच लोकप्रिय झालाय. पॅकिंगमधल्या ताई मुळ्याचा पाला आणतात. फोरमनने काकडीची सालं दिली. विचारलं, खातो का नीट? म्हटलं, हो, तिघं मिळून संपवतो. मग सावरून म्हटलं, म्हणजे तीन वेळा.
वाऱ्याने ताडपत्रीचा कोपरा उडाला. आत लोखंडाची बारीक बारीक बोटं. ओळीने.
कूलरला बोटं कशाला? नवीन मॉडेल असेल.

१३ मार्च
किल्ली भोकात जाईना. पंखा फार जोरात असतो, त्याने हात हलतो. काही चांगली कुलपं बाद पेटीत गेली. कुणी पाहिलं नाही. फोरमनने पाहिलं असेल, पण तो सशावरच बोलला.
जेवताना बायको म्हणाली, हल्ली तू चमचा दोन्ही हातांनी धरतोस. म्हटलं, सूप दाट झालंय. तिने वाटीत पाहिलं. तळाची नक्षी दिसत होती.
तिला सांगण्यासारखं काही नाही. म्हणून सांगितलं नाही.

१७ मार्च
साहेबांनी शुक्रवारी केबिनमध्ये बोलावलंय. बढती असू शकते. नाही असं कुणी म्हटलेलं नाही.
ठराव: भ्यायचं नाही. फोन वाजला तरी दचकायचं नाही.

तीच संध्याकाळ
फोन वाजला. सूप सांडलं. विमा विकणारी बाई होती. तिला विचारलं, काही झालंय का? ती म्हणाली, अजून नाही सर, म्हणूनच घ्यायचा.
शुक्रवारी घरी एकदमच चांगली बातमी देईन.

२१ मार्च, दुपार
कूलर नव्हता.
साहेब फार छान बोलले. स्वतः पाणी दिलं. ग्लास दोन्ही हातांनी धरला.
निघताना सगळे फाटकाशी जमले. वर्गणी काढून निरोपाची भेट आणली होती. झाकणाची टोपली. ती हलत होती. मावशी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, भाऊ, एकटा असतो बिचारा, म्हणून त्याला सोबत.

संध्याकाळ
बायकोने दार उघडलं. भर दुपारी मी, हातात टोपली, टोपलीतून कान. म्हणाली, हा कोण?
सगळं सांगावं लागलं. कूलरसकट.
तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, म्हणजे इतके दिवस आपण याच्या तोंडचा घास खात होतो? आणि हसायला लागली. हसता हसता रडली. म्हणाली, अरे, मला वाटलं डॉक्टरांनी तुला काहीतरी भलतंच सांगितलंय. इतकं वाईट सूप कोण उगाच पितं? भीतीने विचारलं नाही. तुझ्याबरोबर पीत राहिले.
मी म्हटलं, आवडत नव्हतं का? तिने वाट्या उचलून ठेवल्या. माझा हात मात्र धरून ठेवला.
आज सूप नाही. सगळी गाजरं सशाने संपवली. कोबीही. लेकीने त्याला उरलेलं सूप देऊन पाहिलं, पण त्याने हुंगून तोंड फिरवलं.
आता टेबलाखाली कोपऱ्यात बसलाय. अंग लटलट कापतंय. मी खाली वाकून त्याला समजावलं, घाबरण्यासारखं काहीही नाही.
त्याचा विश्वास बसलेला दिसत नाही.