सहा पायांचा घोडा

१० फेब्रुवारी

प्रिय ताईस,

नमस्कार. तुझा गुडघा कुरकुरत असेल आणि भाऊजी त्याहून जास्त, म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालते. इकडे दुकानात मान वर करायला फुरसत नाही. कार्निव्हल तोंडावर आला की अख्ख्या गावाला पिसं लावून हवी असतात. काल बँकेचे साहेब मोर व्हायला आले. पोटाला टेप पुरेना, तर म्हणाले, "तुमची टेपच आखूड आहे." मी "हो" म्हटलं. गिऱ्हाईक आहे.

बेत असा. शुक्रवारी माझ्याकडे ये, शनिवारी सकाळच्या बसने शहरात जाऊ. मिरवणूक दारावरून जाते अशी खोली ठरवली आहे, तीही तुझ्या गुडघ्यासाठी मुद्दाम तळमजल्यावर.

आपला दोघींनी आत शिरायचा कापडी घोडाही पेटीतून काढलाय. लहानपणापासून तोंडात तू, आणि वाकून मागच्या पायांत मी. इतक्या वर्षांत मी कार्निव्हल पाहिला तो फक्त तुझ्या टाचांचा! गेल्या वर्षी तू आली नाहीस, म्हणून पहिल्यांदा पुढे उभी राहिले. ताई, काय धमाल असते गं! एक बाई चक्क किटली झाली होती, तोटीतून वाफ सोडत होती.

"मग मागे कोण होतं?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा दूध उतू जातंय सांगून मी फोन ठेवला. घरात दूधच नव्हतं.

यंदा घोड्याला नवं कापड लावायला घेतलं, आणि शिवताना बघते तर घोडा चांगला दीड हात जास्त लांब! माझ्या हातांनी मला न विचारता तिघांचा घोडा बेतला होता. जन्मभर कात्री चालवणारी मी, अशी कशी चुकले म्हणून डोकं धरून बसले. मग एकटीच हसत सुटले.

गेल्या वर्षी माझ्या मागे समोरच्या दुकानातला घड्याळवाला होता. मागच्याने पुढच्याची कंबर धरायची असते, हे तुला मी काय सांगू. त्याने आधी विचारलं, "धरू का?" तेव्हापासून रोज दुकान बंद करून तो चहाला येतो. आता त्याने लग्नाचं विचारलंय. आणि ताई, मला हवाय तो.

तू आणलेली चांगली चांगली स्थळं मी पिटाळून लावली, आणि शेवटी घोड्याचे मागचे पाय पसंत केले. हस पोटभर. पण आई गेल्यावर माझी वेणी तू घातलीस. तू हो म्हटल्याशिवाय मी त्याला शब्द देणार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय. बिचारा धास्तावलाय. म्हणतो, "ताईंचं एखादं घड्याळ बंद पडलंय का, विचारा ना."

गुडघ्याची सबब नको, पुढच्याला वाकावं लागत नाही. मागे तो, मधे मी. तोंड तुझंच, ते मी कुणाला देणार नाही.

पत्राचं उत्तर लिहू नकोस. शुक्रवारी बसमधून उतरलीस की मला कळेल. घोड्याचं डोकं काखेत धरून मी स्टँडवर उभी असेन.

घोड्याला कितीही पाय फुटले तरी तुझ्याच मागे चालणारी,
तुझी शेपूट