पहिली कवळी

फॉल रिव्हर, ११ मार्च १९९४

ती. इदालिना आत्यास, नतेर्सियाचा सा. न. वि. वि.

आधी तुझा आशीर्वाद मागून घेते, कारण बातमी वाईट आहे. डेंटल कॉलेजने मला घेतलं नाही.

राहवेना म्हणून त्यांच्या प्रवेशाच्या बाईंना फोन केला. बाई चांगली होती. म्हणाली, गुण उत्तम आहेत, पण तुम्ही एका वेळी दोनापेक्षा जास्त विषय कधी घेतलेच नाहीत. आमच्याकडे पहिल्याच वर्षी आठ-दहा एकदम अंगावर येतात, ते तुम्हाला झेपतील हे आम्ही कशावरून मानायचं? आपल्याला सगळ्यांना वाटत होतं, हळू जावं पण पहिलं यावं. त्यांच्या लेखी हळू जाणारा म्हणजे लवकर दमणारा.

अर्जात अडचण सांगायला जागा होती. ती मी कोरी सोडली. बाबांची ताकीदच होती, की घरातलं दुखणं परक्यांपुढे मांडून कुणी जागा मागत नाही. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांची जीभ जड झालीय, पण हे वाक्य कसं अगदी स्वच्छ आलं. मग सकाळी त्यांची आंघोळ आणि व्यायाम, दुपारी दातांच्या दवाखान्यातली नोकरी आणि उरलेल्या वेळात कॉलेज, हे त्या लोकांना कळणार कुठून?

बाबा अजून पाव सूपात भिजवूनच खातात. आमचे डॉक्टर कवळी करून देतो म्हणाले, तर हे ओठ घट्ट मिटून बसले. पहिली कवळी लेकीच्या हातची, असं गिरणीतल्या सगळ्या जुन्या मित्रांना सांगून ठेवलंय. आता त्या मित्रांना काय सांगायचं, याची मला काळजी आहे.

लोभ आहेच, तो माझ्या निकालावर ठरवू नकोस.
तुझी नतेर्सिया

तुलारी, २७ मार्च १९९४

चि. नतेर्सिया हिस अ. उ. आ.

पत्र वाचून मी तुझ्या बापाला इथूनच चार शब्द सुनावले. तुझे आतोबा जेर्मानु गोठ्यातून धावत आले, त्यांना वाटलं गाय व्यायली. दादा जन्माचा हट्टी. या देशात यायच्या आधी, आपल्या बेटावर असताना पाय मोडला, तर आठ दिवस मुरगळलाय म्हणून सांगत होता.

पण मुली, तूही त्याचीच. सात वर्षं त्याचं सगळं केलंस आणि ते चोरी केल्यासारखं लपवलंस. मला याचं फार वाईट वाटतं.

आता ऐक. दादाला माझ्याकडे पाठव. खालची खोली रिकामी आहे, माणसांची ये-जा आहे, घरात आपली भाषा आहे. तू वर्षभर सगळे विषय एकदम घे आणि दाखव त्यांना. पुढच्या अर्जात ती जागा भरून टाक. दादा नाही म्हणेल. त्याला सांग, इदालिनाला एकटं वाटतंय. माझ्यावर उपकार करायचे म्हटलं की तो येईल.

उत्तर लवकर दे, नाहीतर मीच येऊन बसेन.
तुझी आत्या

फॉल रिव्हर, १८ सप्टेंबर १९९४

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. विमानतळावर बाबा शेजारच्या बाईंना सांगत होते, की बहीण एकटी पडलीय, तिला सोबत म्हणून निघालोय. मला वाटतं, त्यांना सगळं कळलेलं होतं.

पाच विषय घेतलेत. जमतंय, आत्या. अगदी सहज जमतंय, आणि त्याचाच राग येतो. झेपत नव्हतं असं कधी नव्हतंच. काल चुकून दोघांचं सूप केलं आणि दोन दिवस तेच खाल्लं.

त्यांचा डावा हात रोज चोळ. ते नको म्हणतील.
लोभ असू दे, थोडा बाबांच्या वाटचाही इकडे पाठव.
नतेर्सिया

फॉल रिव्हर, ५ डिसेंबर १९९५

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मला घेतलं. हे वाक्य तू बाबांना दोनदा वाचून दाखव.

मुलाखतीचं मात्र तुला एकटीलाच सांगते. त्यांनी विचारलं, इतकी वर्षं दोन-दोन विषय आणि मग एकदम पाच, हे कसं? मी सगळं सांगितलं. शेवटी बाबांना तुझ्याकडे पाठवल्याचंही सांगावं लागलं. त्यावर त्यांच्यातले म्हातारे डॉक्टर समाधानानं म्हणाले, म्हणजे आता ती अडचण उरली नाही. मी हो म्हणाले. बाबांना अडचण म्हटलं आणि मी हो म्हणाले. जागा मिळाली ती त्या ‘हो’मुळे, असंच वाटत राहतं.

कवळी करायला तिथे दुसऱ्या वर्षी शिकवतात. बाबांना तेवढं थांबायला सांग. पहिली माझ्याच हातची. नाताळला येतेय, तेव्हा मापही बघून ठेवीन.

आशीर्वाद असू दे, मला त्याची गरज आहे.
नतेर्सिया

तुलारी, १३ डिसेंबर १९९५

चि. नतेर्सिया हिस अ. उ. आ.

दोनदा नाही, चारदा वाचलं. दादा रडला, मग जेर्मानु रडले, मग मी दोघांना ओरडले.

आता हे कसं लिहू कळत नाही. दादाची कवळी झाली. तुझं पत्र यायच्या आधीच झाली. उन्हाळ्यापासून त्याचं खाणं सुटत चाललं होतं, भिजवलेला पावही नको म्हणायचा. डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मी हट्टानं दातांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या खुर्चीत कितीतरी वेळ त्यानं तोंड उघडलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तिला कळवू नकोस. आणि उघडलं. तुझ्यासाठी राखून ठेवलेलं ते मी दुसऱ्याला करू दिलं, याचं मला दुःख आहे. पण तो आता जेवतो.

त्यानं ठरवलंय, की तू आलीस की कवळी काढून डब्यात ठेवायची. कालपासून रिकाम्या तोंडानं हसायचा सराव चालू आहे. मी त्याला दिलेला शब्द मोडून तुला हे कळवतेय, कारण या घरात न सांगून आपण पुष्कळ गमावलं.

तू माप घे. तोंडात बघताना हिरडीवर कवळीचा वळ दिसेल. तो तुला दिसला, हे मात्र त्याला कळू देऊ नकोस.

पाव भिजवून ठेवते. वाट पाहतोय.
तुझी आत्या